ब्रश पुसायची भिंत

काल आमच्या चित्रकारांच्या सोसायटीत कॉलेजची काही मुलं आली होती. वस्तीचा जुना इतिहास शोधत फिरत होती म्हणे. मी गॅलरीत चहा घेत बघत होतो. आवारातल्या नळामागच्या भिंतीपाशी ती थबकली. सोसायटीच्या आधी इथे गोठा होता. ही त्याचीच भिंत, म्हशी बांधायच्या लोखंडी कड्या अजून तिच्यात आहेत. मुलांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांना दिसले ते भिंतभर रंगांचे फराटे. भराभर फोटो निघाले. एकजण म्हणाला, "काय ताकद आहे या चित्रात!"

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या कुसुमताई पिशवी घेऊन खाली आल्या. मुलांनी विचारलं, "आजी, हे कुणी काढलंय?"

"काढलंय कसलं? ब्रश धुवायच्या आधी आम्ही सगळे इथे पुसायचो."

फोन खिशात गेले. मुलं पुढे सरकली. मला मात्र त्याला चित्र म्हणण्यात त्यांचं फारसं चुकलं असं वाटेना. चित्र काढताना हात जपून चालतो, ब्रश पुसताना तो कुणाचाच नसतो. म्हशीही इथे अशाच अंग घासत असतील.

एक मुलगी मागे राहिली होती. "यातला तुमचा कुठला?"

ताईंनी न शोधता एका पिवळ्या फराट्यावर बोट ठेवलं.

"आणि ज्याचा हा रंग, ते चित्र?"

"विकलं गेलं. कशाचं होतं, तेही आता आठवत नाही."

बोट मात्र त्यांनी लगेच उचललं नाही.