सगुणाबाईंची पायचरखी

सगुणाबाई गेल्याचं मला अकोल्याच्या बाजारात कळलं. बाळापूरहून कापूस घेऊन आलेला गाडीवान बैल सोडता सोडता म्हणाला, दोन दिवसांच्या तापात म्हातारी आटोपली. त्याला आता महिना होऊन गेला...

मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा कारकून म्हणून मी चीनला जाऊन बाळापूरला परतलो, तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून भाऊबंदांनी मला पंक्तीतून उठवलं. आमच्या कापसाची सरकी काढून देणाऱ्या सगुणाबाई तेवढ्या माझ्या अंगणात येऊन बसल्या आणि चीनमधल्या बाया सरकी कशी काढतात, ते विचारू लागल्या. अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचं मोल आलं होतं, आणि सरकी काढायची हातचरखी फिरवून त्यांचा उजवा खांदा मात्र निकामी होत चालला होता. मी सांगितलं, शांघायजवळच्या खेड्यात बाई एकटीच चरखी चालवते, पायानं. आजीच्या आजीपासून ती तशीच आहे, आणि काम होतंय तर बदलायची कशाला, असं ती म्हणते. तिथेच कमरेला तलवारी लावलेले दोन जपानी तीन दिवस बसून लाकूडन् लाकूड मोजत होते. आधी अशीच करू, मग आपल्याला हवी तशी करू, असं त्यांनी दुभाष्याला सांगितलं होतं.

सगुणाबाई म्हणाल्या, "अन् तुमी माप आणलं का, भाऊ?"

मी नुसतं पाहून आलो होतो. आठवणीवरून सुताराकडून एक चरखी करवली, तर चिनी बाईसारखं चौरंगावर बसून सगुणाबाईंची पाठ धरली. हे आपल्याकडे चालायचं नाही, म्हणून मी विषय सोडला. आठ दिवसांनी त्यांच्या घरी गेलो, तर कोष्ट्याच्या मागाला असतो तसा खड्डा त्यांनी जमिनीत खणला होता. पाय खड्ड्यातल्या फळीवर, आणि स्वतः नेहमीसारख्या भुईवर. "तिले उंच बसाची सवय, मले खाली," त्या म्हणाल्या. "मंग पायच खाली गेले पायजेत." एका अडत्यानं, ही युक्ती कुणाला दाखवू नका, मी बारा महिने काम देतो, असं सांगितलं. त्यांनी येईल त्या बाईला दाखवली. मी रागावलो, तर म्हणाल्या, माह्यासारखे खांदे गावात लय हायेत.

पुढे लढाई संपली, भाव पडला, अमरावतीला वाफेचं यंत्र आलं आणि व्यापाऱ्यांचा कापूस तिकडे जाऊ लागला. सगुणाबाई घरोघरच्या गाद्यांपुरती सरकी काढत राहिल्या.

परवा बाळापूरला गेलो, तेव्हा त्यांची सून खड्ड्यात पाय सोडून काम करत होती. पायाखालची फळी चरखीला जोडणारी काठी वीतभर कापून फळी वर घेतलेली, आणि कापलेलं लाकूड अजून पांढरं दिसत होतं. मला ते लागलं. जेमतेम महिना झाला आणि यांनी करवत चालवली... मी जरा तुटकपणेच विचारलं. ती हातातला कापूस चरखीला लावत म्हणाली, "आत्याबाईचे पाय लांब होते, माह्ये आखूड, फळीले पोचत नव्हते. ताप यायच्या आदल्या दिवशी त्यायच्यासमोरच कापली. करवत त्यायनंच आणून देल्ली."