ट्रक मागे घेताना

प्रिय मुलांनो,

परवा फोनवर थोरल्याने सांगितलं की तो गाडीच्या परीक्षेत पुन्हा नापास झाला. बाकी सगळं जमतं, गाडी मागे घेताना मात्र अडतं, असं म्हणाला. "आजी, तू कधी चालवलीस का गं गाडी?" धाकटीने मधेच विचारलं. नाही, मी कधीच चालवली नाही. तुमच्या आजोबांची स्कूटरसुद्धा मी फक्त पुसली. पण गाडी मागे घेणं हे काय असतं, ते मी एका बाईकडे पाहून शिकले. फोनवर सांगायला गेले असते तर तुमची आई "आई, नेटवर्क जातंय" म्हणाली असती. म्हणून लिहिते आहे.

तिचं नाव लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. आमच्याकडे सगळे तिला ट्रकवाली म्हणत, तेवढं पुरे.

ती कुठेही आत येताना आधी तळहाताने थाप मारायची. बेल दाबायची नाही की हाकही मारायची नाही. दारावर, फाटकावर, पाण्याच्या पिंपावर, उभ्या रिक्षाच्या टपावर दोन सपाट थापा मारायची आणि मगच पुढे यायची. पहिल्यांदा माझ्या दारावर थाप पडली तेव्हा मला वाटलं कोणी भांडायलाच आलं आहे. दार उघडलं तर चाळिशीची, उंच, सडसडीत बाई उभी. लुगडं खोचलेलं, पायात पुरुषी चपला.

"बाई, तुमच्या मागच्या जागेत गाडी लावू का? रोडवर पोरं काचा फोडत्यात."

गाडी म्हणजे दहा चाकांचा ट्रक. तिचा नवरा तो चालवायचा, आणि ही त्याची क्लीनर. मूलबाळ नव्हतं, म्हणून घरी थांबण्यापेक्षा ती त्याच्याबरोबर फिरायची. मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर सगळे दोघांना ओळखायचे. ट्रक मागे घ्यायचा असला की ती खाली उतरून मागे उभी राहायची आणि ट्रकच्या फळीवर हाताने ठोकत राहायची. हलक्या थापा पडत आहेत तोवर गाडी येऊ द्यायची, एक जोरात थाप पडली की थांबायचं. तोंडाने "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!"

"घरात माझं कोण ऐकत न्हवतं बाई," ती मला एकदा म्हणाली. "सासू न्हाई, जाऊ न्हाई, ह्यो तर न्हाईच न्हाई. पन गाडीच्या मागं उभी राहून मी बास म्हनलं, की धाच्या धा चाकं जाग्यावर."

नवरा पावसाळ्यात छातीच्या आजाराने गेला. गाडी उभी राहिली. तिने माझी बाहेरची खोली राहायला घेतली. रोज सकाळी ती काचा पुसायची, मग चढून इंजिन सुरू करायची आणि थोडा वेळ नुसती बसून राहायची. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगायची. धुराने माझे वाळत घातलेले पापड काळे पडायचे. तुमचे आजोबा गेल्यापासून माझ्या घरात इतका आवाज कधी झाला नव्हता, म्हणून मी पापड गच्चीवर नेले.

मग एक दिवस तिचा दीर आला. माणूस वाईट नव्हता. ऊसतोडीच्या टोळीत होता आणि हंगामाच्या आधी त्याला सगळ्यांचा हिशोब जुळवायचा होता. तो माझ्या पायरीवर बसला आणि चहाचा कप हातात धरून तिच्याकडे न बघता बोलला.

"वहिनी, गाडी उभी राहून सडून जाईल. गिऱ्हाईक आलंय."

"मी चालवनार हाय."

"कशी? तुज्याकडं छोट्या गाडीचं लायसन हाय. ह्याला हेवी लागतं."

"काढते की मंग."

"आन् न्हाई निगालं तर?"

तिने त्याच्या हातातला रिकामा कप घेतला. तोच म्हणाला, "टोळी निघायच्या आत काढ. न्हाई तर गाडी इकू आन् तू आमच्यासंगं चल. लांबचा एक भाऊ हाय, त्याची बायको गेली औंदा. त्याला बी जोड पायजे."

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, असं दोघांचं मिळून एक काम. एकट्या बाईला अर्धा कोयता म्हणतात. अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी घेत नाही, त्याला कुठला तरी दुसरा अर्धा शोधून जोडतात. दीर गेल्यावर ती भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "बाई, मला अर्धी व्हायचं न्हाई."

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. लेखी परीक्षेची तयारी माझ्या जेवणाच्या टेबलावर सुरू झाली. मी जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर रस्त्याच्या खुणा काढून घरभर लावल्या. प्रवेश बंद देवघरावर, अरुंद पूल मोरीच्या दारावर, पुढे शाळा आहे माझ्या खुर्चीच्या पाठीवर. ती अक्षर लावून सावकाश वाचायची, पण डोकं तल्लख. अडचण फक्त एकच होती. प्रश्नांची उत्तरं ती रस्त्यावरून द्यायची.

"चौकात दोन गाड्या एकाच वेळी आल्या," मी वाचायची. "आधी कोणी जायचं?"

"ज्याची गाडी मोठी."

"अगं, असं नाही. उजवीकडून येणारी आधी."

"उजवीकडून मोटारसायकल आली आन् मी दहा टायर घेऊन आले तरी?"

"तरी."

"कंच्या गावाला असतंय बाई असं?"

"परीक्षेत असतं."

"मंग लिवा. परीक्षेत मोटारसायकल आधी."

त्या महिन्यात मी जितकी हसले तितकी त्याआधीच्या काही वर्षांत हसले नसेन. लेखी परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि येताना माझ्यासाठी अर्धा डझन केळी घेऊन आली.

गाडीची परीक्षा बीडला होती. तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ट्रकवर ती सकाळी शिकायची आणि संध्याकाळी माझ्या मागच्या जागेत आपल्या ट्रकवर सराव करायची. रस्त्यावर न्यायचा नाही, अशी मी अट घातली होती. विटा मांडून इंग्रजी आठचा आकडा केला. पुढे जाताना ती गाडी अशी फिरवायची की तुम्ही असतात तर टाळ्या वाजवल्या असत्यात. पण दोन रांगांमध्ये गाडी मागे घ्यायची वेळ आली की निम्म्यात थांबायची. आरशात बघायची, खिडकीतून मान बाहेर काढायची आणि तशीच बसून राहायची.

"काय झालं?"

"थाप पडंना."

इतकी वर्षं मागे उभी राहून तिने नवऱ्याला थाप ऐकवली होती. आता चाक तिच्या हातात होतं, आणि मागची जागा रिकामी होती.

मग मीच काठी घेऊन मागे जाऊन उभी राहिले. काठीने फळीवर ठक ठक ठक. गाडी अगदी सरळ आली. मी "स्टॉप!" म्हणून ओरडले, तशी ती खिडकीतून हसून म्हणाली, "बाई, बास म्हना. इस्टॉप म्हनलं की गाडी घाबरती." दुसऱ्या दिवसापासून मी बास म्हणू लागले. रोज संध्याकाळी पाच वाजले की मी चप्पल घालून तयार असायची. सत्तरीच्या वर वय, धुळीने केस पांढऱ्याचे तपकिरी झालेले, आणि माझ्या एका शब्दावर ट्रक थांबतोय. मला ते फार आवडायचं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर बीडला गेले. आम्हा सगळ्यांना पांढऱ्या रेषेच्या बाहेर उभं केलं होतं. आठचा आकडा तिने सुरेख काढला. मग गाडी मागे घ्यायला लागली आणि निम्म्यात थांबली. इंजिन चालू, गाडी जागच्या जागी. तपासणारे साहेब वही घेऊन दारापाशी गेले.

"काय झालं ताई?"

"मागं कोन न्हाई साहेब."

ते रागावले नाहीत. मान हलवून म्हणाले, "मागं कोणीच नसतं ताई. आरसे आहेत ना. पुढच्या वेळी या."

येताना ती सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर दारावर थाप न मारता ती आत आली आणि मला म्हणाली, "आजपासून तुमी मागं उभं न्हाई राह्यचं."

मी स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसले. ट्रक मागे येऊ लागला, पुन्हा थांबला. ती खाली उतरून थेट खिडकीशी आली.

"बाई, तुमी आरशात दिसताव."

"मी काही केलं नाही."

"हात गजावर हाय तुमचा. मला वाटलं आता ठोकताव, मंग वाटलं न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "मी पास झाले तर तुमी येनार हाव का संगं? कर्नाटकाला? रातच्याला पंपावर?"

मी खिडकी लावून घेतली.

तेव्हापासून संध्याकाळी मी पुढच्या खोलीत जाऊन बसायची. तिथून मागचं काही दिसत नाही. रेडिओ लावायची, पण आवाज बारीक ठेवायची. भिंतीपलीकडे इंजिन गुरगुरायचं, थांबायचं, पुन्हा गुरगुरायचं. एकदा मोठा आवाज झाला आणि माझा धुण्याचा दगड दोन तुकडे झाला. ती माफी मागायला आली नाही, मीही बाहेर गेले नाही. चारच भिंती मधे होत्या, पण तेवढ्या संध्याकाळी आम्ही दोघी जितक्या एकेकट्या होतो तितक्या त्याआधीही नव्हतो. टोळी निघायची वेळ जवळ आली होती. कडा गावाकडच्या टोळ्यांच्या गाड्या भरायला लागल्याचं दूधवाला सांगत होता.

मग एक दिवस मागे येणाऱ्या ट्रकचा आवाज मधे कुठेच तुटला नाही. तो सावकाश, एकसारखा येत राहिला. आणि मी तिचा आवाज ऐकला. मोठा, खणखणीत, जसा ढाब्यावर ऐकू जायचा तसा.

"येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!"

हवेच्या ब्रेकचा फुस्स आवाज झाला आणि सगळं शांत झालं. केबिनमध्ये ती एकटी होती. ती स्वतःलाच सांगत होती. मी रेडिओ बंद केला.

दुसऱ्या परीक्षेला तिने मला नेलं नाही. दुपारी आली, जेवायला बसली, दुसरी भाकरी संपल्यावर म्हणाली, "झालं बाई." साहेबांनी तिला विचारलं होतं म्हणे, "ताई, कोणाशी बोलत होता?" ती म्हणाली, "क्लीनरशी." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि हसले.

लायसन आलं तेव्हा दीरही आला. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं, फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, जपून," एवढंच म्हणाला. टोळी दोन दिवसांनी गेली, तिच्याशिवाय.

ती निघाली तेव्हा सकाळ होती. फाटकातून ट्रक उलटा रस्त्यावर घ्यायचा होता. फाटक अरुंद, बाहेर वाहनं. मी पायरीवर उभी होते, दोन्ही हात पदराखाली धरून. तिने डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला, पुन्हा डावा. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तसंच हवं होतं. ते मला कळत होतं, आणि तरी मला ते सोपं गेलं नाही. रस्त्यावर गाडी सरळ झाल्यावर तिने हॉर्न दिला आणि बीडच्या उलट दिशेला निघून गेली.

पहिल्या वर्षी ती आठवड्याला फोन करायची. "बाई, जेवलाव का?" मागून ट्रकचे आवाज. मग फोन सणासुदीला येऊ लागले. आता ती सोलापूरच्या पलीकडे कुठेतरी राहते, माल तिकडूनच मिळतो. इकडे येणं होत नाही, आणि मी बोलावत नाही. बाहेरची खोली मी दुसऱ्या कोणाला दिली नाही. नवा धुण्याचा दगड आणला आहे. पापड पुन्हा खाली अंगणात वाळत घालते, ते पांढरे राहतात.

गेल्या दिवाळीत फोन आला होता. लायसनची मुदत तिने वाढवून घेतली आहे. ट्रकचं इंजिन एकदा उघडावं लागलं, पण ट्रक तोच आहे. तो अजून चालतो, आणि तीच चालवते.

तुमची,
आजी