शनिवारी डबलबारी, सोमवारी वॉर्ड ऑफिस

माझं नाव सहदेव. साकीनाक्याच्या एका कारखान्यात मी लेथ चालवतो आणि भांडुपच्या टेकडीवर भजन म्हणतो. लेथ जरा बरी चालते. तरी कोकणातली माणसं मला बुवा म्हणतात, कारण पेटी माझ्या मालकीची आहे.

टेकडीखालून अख्ख्या शहराचं पाणी जायचं, पण आम्हाला एक नळ नव्हता. म्हणून आम्ही कमिटी काढली होती आणि अक्षर बरं म्हणून फळा माझ्याकडे दिला होता. अठ्ठ्याऐंशी साली मी त्यावर खडूने लिहिलं: ‘शनिवारी डबलबारी. सोमवारी वॉर्ड ऑफिस. सर्वांनी तयारीने यावे.’ जागा कमी होती, म्हणून जास्त काही लिहिलं नाही. एरवी कमी बोलायची मला सवय नाही.

शुक्रवारी सकाळी पोलिसांनी मला उचललं. साहेब विदर्भातून नुकतेच बदलून आलेले. आमच्याकडे दोन बुवा समोरासमोर बसून सवाल-जवाबाचं भजन करतात त्याला डबलबारी म्हणतात, हे त्यांच्या कानावर कधी आलं नव्हतं. त्यांना फळ्यावर दुनळी बंदूक दिसली.

“एक बारी तुझी. दुसरी कोणाकडे आहे?”

“धाकूबुवांकडे,” मी ताबडतोब सांगितलं. अजून कोणी हातही उगारला नव्हता.

“आणि शनिवारी काय करणार?”

“त्यांना आडवा करणार, साहेब.”

साहेबांनी ‘टाडा’ हा शब्द उच्चारला. अतिरेक्यांसाठीचा कायदा, जामीन मिळणं मुश्कील. एवढं पेपरात वाचलं होतं, पण त्यात आपण बसू असं कधी वाटलं नव्हतं. धाकूबुवालाही आणलं. मग आम्ही दोघांनी हात जोडून सगळं समजावलं आणि पुरावा म्हणून चौकीतच गजर म्हटला. धाकू सुरात होता. माझं ऐकून साहेबांनी मध्येच हात वर केला.

“बस. कळलं. भजन खुशाल करा,” ते हसून म्हणाले. मग हसू आवरून म्हणाले, “पण सोमवारचं विसरा. ह्या कायद्यात माणूस आत घालायला बंदूक लागतेच असं नाही.”

म्हणजे डबलबारीचा अर्थ साहेबांना आधी कळला नव्हता. वॉर्ड ऑफिसचा, म्हणजे नळासाठीच्या मोर्चाचा, मात्र पहिल्यापासून बरोबर कळला होता.

घरी आलो तर सुगंधाने, म्हणजे माझ्या बायकोने, आधी मला नीट चाचपून पाहिलं. “तुमचा गाणा आयकान सायबान सोडल्यान? माका खरा वाटणा नाय,” म्हणाली आणि रडली. मीही रडलो.

टेकडीवर ‘टाडा’ हा शब्द आमच्या आधीच पोचला होता. फळा कोणीतरी ओल्या फडक्याने पुसला होता. शनिवारी डबलबारी झालीच नाही. कमिटीतल्या कोणाला ताप आला, कोणाला गावचं बोलावणं आलं. धाकू समोर दिसला की मान वळवायचा, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं.

सोमवारी कामावर खाडा करून मी घरीच बसलो होतो. रिकामा हंडा घेऊन पार्वतीकाकी दारात आली. ती आमच्या चाळीतली म्हातारी. कमिटीच्या एका बैठकीलाही चुकली नव्हती.

“बुवा, डबलबारीक दोन पार्टी लागतत ना? समोरची बसली हा. आमची खय आसा?”

“काकी, माझा घसा बसलाय.”

“तुझो घसो उभो कधी होतो रे?”

 सवाल-जवाबात मी नेहमी हरतो. सुगंधाने माझ्या चपला पुढे केल्या. काकी आणि मी टेकडी उतरलो. वाटेत दारं ओळखीची होती, सगळी लावलेली. धाकूच्या दारापाशी मी मुद्दाम मोठ्याने खोकलो. आतून आवाज आला नाही.

वॉर्ड ऑफिसबाहेर पोलिसांची गाडी उभी होती. मागच्या मोर्चाला इथे रस्ता भरला होता. कारकून खिडकीतून वाकून म्हणाला, “आज मोर्चा येणार होता ना? कुठाय मोर्चा?”

काकीने हंडा खाली ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

“ह्यो.”

माझे पाय लटपटत होते, म्हणजे निम्मा मोर्चा लटपटत होता. पण उभा होता.