अमेरिकेच्या राज्यघटनेचे कोट

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुबईत, अल क्वोजमधल्या एका वर्कशॉपमध्ये मी कटिंग मास्टर होतो. एरवी आम्ही साइटवरच्या कामगारांचे कव्हरऑल शिवायचो. त्या वर्षी एका अमेरिकन शाळेची ऑर्डर आली. मुलांच्या नाटकासाठी जुन्या पद्धतीचे अठरा लांब कोट.

ऑर्डर देणाऱ्या बाई इतिहास शिकवायच्या. चित्रं टेबलावर पसरून त्यांनी मला सगळी कथाच ऐकवली. दोनशे वर्षांपूर्वी ही कोटवाली मंडळी भर उन्हाळ्यात खिडक्या बंद करून फिलाडेल्फियात बसली, महिनोन्‌महिने भांडली आणि त्यांनी देशाची घटना लिहिली. "'आम्ही लोक', अशी तिची सुरुवात आहे," असं सांगताना बाईंचे डोळे भरून आले.

"मॅडम, तेव्हा गुलाम पण होते ना?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं.

होते, म्हणाल्या. राज्याची लोकसंख्या मोजताना पाच गुलामांची तीन माणसं धरायची, असं त्या मंडळींनी ठरवलं. "तडजोड होती ती."

कापड कमी पडलं की मीही पाच मीटरचं काम तीनात बसवायचो. फक्त त्याचं नाटक करून कोणी डोळे पुसत नव्हतं.

मापं द्यायला मुलं आली. त्यात सात गोऱ्या मुली. घटना लिहायला बायका होत्या का, असं मी विचारल्यावर बाई हसल्या. "नव्हत्या. पण आमच्या शाळेत सगळ्यांना संधी मिळते."

शेवटी एक सावळी मुलगी आली, दहा-अकरा वर्षांची. तिच्या कागदावर कोट नव्हता, एप्रन होता. सभेत पाणी देणारी गुलाम मोलकरीण. सोबत वडील होते, पुण्याचे इंजिनिअर. फोनवर मराठीत बोलत होते.

"आय नो ऑल द स्पीचेस," मुलगी टेप धरलेल्या माझ्याकडे बघून म्हणाली.

"साहेब, मॅडमना विचारलंत का, हिला कोट का नाही?" मी मराठीतच म्हणालो.

माझं मराठी ऐकून त्यांचा चेहरा आक्रसला. "मास्टर, आप सिलाई देखो," ते हिंदीत म्हणाले. मग बाईंकडे वळून इंग्रजीत, "छान रोल आहे. थँक यू!"

असली लाचारी मी लेबर कॅम्पातही पाहिली नव्हती.

तालमीच्या दिवशी कोट पोचवायला मी शाळेत गेलो. भाषणं रंगात आली होती. मुलगी पाण्याचा जग घेऊन मधोमध थांबली आणि तिने बाईंना विचारलं, "यातला माझा मालक कोण?"

अठरा कोट एकमेकांकडे बघू लागले. बाई लालबुंद झाल्या. "असं काही नाटकात नाहीये," म्हणाल्या आणि तालीम थांबवली.

तिला आता कोट देतील, असं मला वाटलं. दोन दिवसांनी शाळेचा फोन आला. मोलकरणीचा प्रवेश काढून टाकलाय, एप्रन नको. मुलगी नाटकातच नव्हती.

त्याच आठवड्यात इंजिनिअरसाहेब पँट अल्टर करायला आले. "बरं झालं, सुटली एकदाची," ते म्हणाले, चक्क मराठीत. "परीक्षा जवळ आलीये. उगाच प्रॉब्लेम नको."

तोंडावर आलेलं मी गिळलं. "ओके सर," म्हणालो आणि त्यांच्या कमरेचं माप घेतलं. त्या दिवशी मला त्यांची जेवढी किळस आली, तेवढीच माझीही आली.