सिमोनजींचे बूट

रविवारी सकाळी सिमोनजी चर्चला निघाले की मोहल्ल्याला घड्याळ पाहावं लागत नसे. टाचेला नाल ठोकलेले काळे बूट करकरत गल्लीतून जात आणि पानठेल्यावरचं कोणी ना कोणी म्हणेच, "निघाली पलटण!" सिमोनजी त्याच्याकडे न पाहता चाल आणखी ताठ करत. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते, आता निवृत्त. शनिवारी संध्याकाळी ओट्यावर बसून बूट चमकवायचं काम त्यांनी कधी सुनेच्याही हाती दिलं नाही.

त्याला कारण होतं. भिवापूरकडच्या त्यांच्या गावात पाटलाच्या दारावरून जाताना त्यांचा बाप चपला काखेत मारून चाले. पायात ठेवायची बिशाद नव्हती. बाप्तिस्म्याच्या दिवशी बापानं सवयीनं चर्चच्या पायरीशी चपला काढल्या, तेव्हा म्हातारे मिशनरी फादर बाहेर येऊन म्हणाले, "घाल पायात, अन् पुढे ये." बाप चपलांनिशी थेट वेदीपर्यंत गेला. लहानग्या सिमोननं ते मागून पाहिलं. मोठेपणी पहिल्या पगारात त्यानं बूट घेतले.

आणि आता, सत्तरीत, नवे फादर अनंत म्हणत होते, पायातलं बाहेर काढा.

फादर अनंत तरुण होते, उत्साही होते. लॅटिन जाऊन मराठी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आली ते सिमोनजींना पटलंच होतं. काय म्हणतात ते तरी समजू लागलं. बाकं गेली, सतरंज्या आल्या, क्रॉसपुढे समई लागली. तेही त्यांनी गिळलं. पण ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला आणि दाराशी चपलांची लाकडी मांडणी आली, तिथं मात्र ते थांबले.

त्यांची सून सुमती महिला मंडळात होती, मिस्सेला पेटी वाजवायची. मांडणी तिनंच करून घेतली होती.

"मामाजी, देवाच्या दारात चप्पल काढायची आपली रीतच आहे. आपण काय साहेब आहो का?"

"साहेब नाही म्हणूनच घालतो वं! साहेबाले कोण अडवते?"

"देवळात नाही का काढत लोक?"

"देवळात मले येऊच कोण देत होतं, त काढू कुठं?"

सुमती आत निघून गेली. पण मांडणी तिथंच राहिली.

उपवासकाळभर सिमोनजींनी चर्चच्या खिडकीजवळच्या कडुनिंबाखाली उभं राहून मिस्सा ऐकली. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी आत रांग लागे आणि ते मान खाली घालून जपमाळ ओढत. फादर एकदा स्वतः बाहेर आले.

"आजोबा, आत या ना."

"बुटासकट?"

"रीत सगळ्यांना सारखी, आजोबा."

"मंग मी इथंच बरा. आयकू येते चांगलं."

बापाची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. कारण सांगून परवानगी मागायची, म्हणजे पुन्हा हात जोडणंच झालं.

पवित्र गुरुवारी प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर मोहल्ल्यातल्या बारा जणांचे पाय धूत. त्यात सिमोनजी दर वर्षी असत. सुमती भीतभीत म्हणाली, "मामाजी, फादरांनी तुमचं नाव ठेवलं आहे. याल ना?"

"येईन. ज्याले पाय धुवायचे, त्यानं बूट काढावे."

गुरुवारी ते मांडणीपुढून सरळ आत गेले. फरशीवर बूट करकरले आणि सुमतीची बोटं पेटीवरच थबकली. अकरा जण अनवाणी बसले होते. बाराव्या खुर्चीवर बसून सिमोनजींनी पाय पुढे केला.

फादर घंगाळ आणि तांब्या घेऊन आले. त्यांनी बुटाकडे पाहिलं, मग वर पाहिलं. सिमोनजींनी नजर हलवली नाही. फादरांनी तांब्या खाली ठेवला, गुडघे टेकले आणि नाडीला हात घातला. गाठ कचकचून मारलेली. नखानं सुटेना.

"फार पक्की बांधली, आजोबा."

"घाई नका करू, फादर. सुटते."

सुटली. बूट निघाला, मोजा निघाला. फादरांनी पाय धुतला, पुसला, ओठ टेकले. मग उठायचं सोडून त्यांनी मोजा चढवला, बूट चढवला आणि तिथंच, वेदीपुढे, नाडी बांधून दिली.

त्या दिवशी सिमोनजी बूट घालून ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभे राहिले. कोणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. क्रुसाचं चुंबन घ्यायला जाताना सिमोनजी मांडणीशी थांबले, वाकले आणि स्वतःच बूट काढून वरच्या फळीवर ठेवले. सुमती पाहतच राहिली.

"मामाजी, आज काहून?"

"आज मले कोणी काढा म्हणलं नाही." दोन पावलं गेल्यावर ते मागे वळले. "अन् परवा ईस्टर आहे. पॉलिशची डबी शोधून ठेवजो."