ड्रमवाली खोली

त्या वर्षी माजलगावच्या धरणातही चिखलच उरला होता. आमच्या महिला सहकारी संस्थेने ऊसतोडीला गेलेल्यांच्या म्हाताऱ्या आईबापांसाठी निवास काढला होता आणि तो मी चालवत होते. माणसं चौदा. पाणी टँकरचं, माणशी रोज एक बादली. अंघोळ, कपडे, सगळं त्यातच.

थंडीत एका मामांना फ्लूचा ताप आला. मामा दणकट, त्यांची काळजी नव्हती. काळजी होती दम्याच्या आजीची. तिला ही साथ लागली तर ती वाचायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून मामांना कोपऱ्यातल्या खोलीत वेगळं ठेवलं आणि हात धुवायला तिथे भरलेला ड्रम ठेवला.

ती माझी चूक. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा जण खोकायला लागले.

"कधीपासून खोकला?" मी एका काकांना विचारलं.

"ड्रम आल्यापासून," त्यांच्या बायकोने परस्पर सांगून टाकलं.

थर्मामीटर लावला तर सगळे थंडगार. त्यात आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. म्हणून एकेक जण मामांच्या खाटेवर बसून विचारपूस करायचा आणि निघताना तांब्या भरून आणायचा.

मी फर्मान काढलं: खोकेल त्याला अर्धीच बादली. तासाभरात खोकला गायब. पण आता खरा आजारीही तोंडात कापड कोंबून बसणार, हे माझ्या लक्षात आलं. तेवढ्यात दम्याची आजी काठी आपटत आली.

"मी काय आता श्वास घ्यायचा बी बंद करू का, बाई?"

मग मी फर्मान मागे घेतलं आणि सगळं उलटं केलं. मामांना धान्याच्या कोठीत हलवलं, खोली फिनाइलने पुसून घेतली, ड्रम घासून भरला आणि ताप नसलेल्या दम्याच्या आजीलाच आत बसवलं.

संध्याकाळी काका दारात हजर.

"कावून आलास?" आजीने काठी आडवी धरली.

"तुला भेटायला."

"तांब्या घिऊन?"

"तहान लागती ना, आक्का."

"मंग तुझ्या खोलीत जाऊन पी."

महिनाभर तिने माझ्याशिवाय कुणाला उंबरा ओलांडू दिला नाही. माझ्या सूचनांना कुणी भीक घातली नव्हती, काठीला घातली. आणखी चौघांना ताप आला, ते बरेही झाले. आजीला साधी शिंक आली नाही. जेवण घेऊन मी गेले की तोंडाला पदर बांधायला लावून ती माझे हात धुवायची, खाली परात धरून. त्या पाण्यात ती स्वतःचं लुगडं भिजवायची.