समोरून रिट्रॅक्टर कोणी धरला?

परीक्षेच्या आधी आमच्या मुलुंडच्या घरी आई मीठ-मोहरीने दृष्ट काढायची, तेव्हा "मोहरी फोडणीला ठेव गं, वाया घालवू नकोस" म्हणणारी मी. भूतखेत, अंगात येणं, सगळ्याची यथेच्छ टिंगल केलेली. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय… पण कुणाला तरी सांगायला हवं.

मी सर्जरीची रेसिडेंट, दुसरं वर्ष संपत आलेलं. हॉस्पिटल घाटकोपरच्या आसपासचं, नाव विचारू नका. लोकांना वाटतं आम्ही रोज कापाकापी करतो. कसलं काय! केसेस कमी, शिकणारे जास्त. सर दुर्बिणीने ऑपरेशन करणार, सीनियरला टाके मिळणार आणि मी रिट्रॅक्टर धरून उभी — म्हणजे पोटाची कड ओढून धरायचं ते वाकडं पातं. एकटीने पोट उघडायची वेळ आली तर माझे हात चालतील का, हेच मला माहीत नव्हतं. ही पीजीची सीट सोडावी असं रोज वाटायचं.

त्या मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास बाइकवरून पडलेला चारकोपचा एक तरुण आला. प्लीहा फाटलेली, पोटात रक्तच रक्त. सर शेजारच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेले. निरोप आला, "तू उघड, मी येतोच." येतोच म्हणजे कधी, ते कोणी विचारायचं?

माझ्यासमोर फर्स्ट इयरची रिद्धी, बाजूला हत्यारं द्यायला कांबळे सिस्टर. चीर दिली आणि रक्ताचा लोंढाच आला. रक्त ओढून घेणारं सक्शन पुरेना. भूल देणाऱ्या मॅडम ओरडत होत्या, "बीपी जातंय गं! रक्त कुठाय?" मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. वाट लागली, हा माझ्या हातून जाणार… मी खाली बघूनच ओरडले, "रिद्धी, वर ओढ!"

रिट्रॅक्टर वर गेला. अगदी हवा तेवढा. आणि समोरून, मास्कमागून, शांत आवाज आला — "बघायचं सोड. बोटांनी शोध."

पहिल्या वर्षाची पोरगी मला शिकवते! असा संताप आला ना… पण दोन्ही हात आत घातले. प्लीहेच्या मागे रक्तवाहिन्या बोटांना लागल्या, चिमटीत दाबून धरल्या. रक्त थांबलं. मग क्लॅम्प लावला.

"आलं, बीपी आलं," मॅडम म्हणाल्या. मी मान वर केली. समोर कोणीच नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून रिद्धी आत आली, हातात रक्ताच्या पिशव्या. "सॉरी मॅम, ब्लड बँकेत उशीर केला त्यांनी." चीर दिल्या दिल्याच मॅडमनी तिला पिटाळलं होतं. मला पत्ताच नाही.

"मग रिट्रॅक्टर कोणी धरला?"

"असं काय करतेस?" सिस्टर म्हणाल्या. "समोरून दोन हात होते की. मला वाटलं, कुणी डॉक्टर आले. मी हत्यारं बघू का तोंडं बघू?"

ओटीत खरंच कोणी तोंडं बघत नाही, टोपी-मास्कमध्ये सगळे सारखेच. रिद्धीचे ग्लोव्हज दाराजवळच्या डब्यात सापडले. ग्लोव्हजची नवी जोडी कोणी उघडलेली नव्हती, सिस्टरनी दोनदा पाहिलं. मॅडमना पडद्यापलीकडून काही दिसलं नव्हतं आणि आवाज तर माझ्याशिवाय कोणीच ऐकला नव्हता.

सर आले, आत बघून म्हणाले, "छान. लॉगबुकमध्ये लिही, स्वतंत्रपणे केली. मी सही करतो." मी सगळं सांगितलं. ते हसले, "झोप काढ जरा." आदल्या दिवशी माझी सुट्टी होती, सर… नऊ तास झोपले होते.

टाके काढायला तो मुलगा आला तेव्हा त्याच्या आईने माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. "मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लॉगबुकमध्ये मी लिहिलं, सही झाली. सीट सोडली नाही. आता केसेसही मिळतात, पण सरांना शेजारी उभं केल्याशिवाय मी चीर देत नाही. त्या दुपारचं उत्तर मात्र अजून कोणाकडेच नाही.

परवा सर म्हणाले, "गुरुवारची केस पूर्ण तुझी. मी नसेन." घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "घाबरतेस कशाला? असेल कुणीतरी पाठीशी."

कोणी नसलं तर मला ऑपरेशन येतं का, हे मला अजूनही माहीत नाही.